राखणदाराचा वाटा

गुरुनाथ पालवाच्या घरात ते यंत्र आलं तेव्हा दर्शनाने ते देवघरापासून लांब, पडवीच्या टोकाला ठेवलं आणि मग थोडा विचार करून त्यावर टॉवेलही टाकला. दारू सोडवायला आलेलं यंत्र दिवसातून तीन वेळा दारूच पाजणार, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"म्हणजे उंदीर घालवूक घरात उंदीर आणूचे आणि तेंका तीन टायम जेवण घालूचा?" तिने विचारलं.

कुडाळच्या 'पायरी' व्यसनमुक्ती केंद्राची सिस्टर ल्युसी फर्नांडिस हसली नाही. हा प्रश्न तिला प्रत्येक घरातली बाई आपापल्या शब्दांत विचारायचीच. "ताई, जेवण रोज इल्ला इल्ला कमी होतला," ती म्हणाली. "उंदरांका कळूचाय नाय, इतक्या हळू."

गुरुनाथ बावन्न वर्षांचा. वाघोळ्याच्या खाडीकाठी त्याची शेड. बापाच्या काळात तिथे डिझेलची इंजिनं दुरुस्त व्हायची. आता सगळ्या होड्यांना बॅटरीवरच्या मोटारी लागल्या होत्या आणि गुरुनाथ तेही काम शिकला होता. पालवाचे हात सोन्याचे, असं खाडीवर म्हणत. फक्त गेली बावीस वर्षं ते हात सकाळचा पहिला ग्लास पोटात गेल्याशिवाय स्थिर होत नसत आणि दुपारचा तिसरा गेला की कामाचे राहत नसत. मधले दोन-अडीच तास काय ते सोन्याचे.

ऑक्टोबरात त्याने दारू एकदम सोडायची ठरवली. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आकडी येऊन पडला, जीभ चावली, तोंडाला फेस आला. त्याला उचलून रिक्षात घातलं ते ईश्वरीने. ईश्वरी त्याची एकुलती मुलगी, वीस वर्षांची. आयटीआयमधून विजेचं काम शिकून आली होती आणि वर्षभर बापाच्या हाताखाली राबत होती. हाताखाली हे आपलं म्हणायला, कारण मोटारींची बारीक जोडणी तीच करायची आणि गुरुनाथ बाजूला उभा राहून चुका काढायचा.

'पायरी'च्या डॉक्टर मेघना वालावलकर यांनी त्याला समजावलं ते असं. मेंदूला एक ब्रेक असतो आणि एक अ‍ॅक्सिलरेटर. दारू ब्रेक दाबून धरते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेला राहिला की मेंदूही वस्ताद, तोल राखायला तो अ‍ॅक्सिलरेटरवर तेवढाच पाय देऊन ठेवायला शिकतो. मग एके दिवशी दारू बंद झाली की ब्रेक सुटतो आणि दुसरा पाय मात्र होता तिथेच राहतो.

"म्हणजे लोड एकदम काढलो की इंजिन पिसाट सुटता, तसा," गुरुनाथ म्हणाला.

"अगदी तसंच. तुमची आकडी म्हणजे तेच."

यासाठी गोळ्या होत्याच. दवाखान्यात ठेवून दहा दिवसांत शरीर ताळ्यावर आणता यायचं. पण माणूस घरी परतला की पुन्हा तीच वेळ व्हायची, तोच हात तसाच पेल्याकडे जायचा. शरीराची गरज संपली तरी हाताची, जिभेची आणि घड्याळाची सवय शाबूत असायची. 'पायरी'वाल्यांनी म्हटलं, पेला राहू दे, वेळ राहू दे, घशातली जळजळही राहू दे. त्यातली दारू तेवढी आपण गुपचूप काढून नेऊ.

सुरुवात पाच टक्क्यांनी, म्हणजे साधारण बिअरइतकी. मग चार महिन्यांत अर्ध्या टक्क्यावर उतरायचं. चव मात्र तीच राहायला हवी होती. जिभेवरच्या ज्या मज्जातंतूंना गरम चटका कळतो त्यांनाच दारूची जळजळही कळते, तेव्हा त्यांना फसवलं की काम झालं. त्यासाठी केंद्राने तिरफळाचा अर्क वापरला. बांगड्याच्या आमटीत पडतं आणि जिभेला मुंग्या आणतं, तेच तिरफळ. पाच टक्क्यांचा पेला आणि अर्ध्या टक्क्याचा पेला यांतला फरक मुरलेल्या पिणाऱ्यालाही सांगता यायचा नाही. आणि आज पेल्यात किती आहे हे कोणालाच कळू द्यायचं नाही, हा पक्का नियम. पिणाऱ्याला नाही, घरच्यांना नाही, सिस्टरलाही नाही. आकडा यंत्राच्या पोटात.

यंत्र मोठं चौकस होतं. भरलेला पेला वजन करून द्यायचं आणि रिकामा परत ठेवला की पुन्हा वजन करायचं. गुरुनाथच्या दंडावर एक चिकटपट्टी असायची, ती घामातली दारू मोजून यंत्राला कळवायची. पोटात किती गेली आणि घामात किती आली यावरून यंत्र ठरवायचं की या माणसाचं यकृत दारू किती वेगाने जाळतं आणि उद्याची पायरी किती खाली ठेवायची. फार खाली ठेवली तर आकडी, फार वर ठेवली तर माणूस उतरणारच नाही. गावाने आठवडाभरात यंत्राला 'तलाठी' नाव ठेवलं, कारण ते सगळं लिहून घ्यायचं आणि विचारलं तर काही सांगायचं नाही.

आता या सगळ्यात केंद्राच्या हुशार मंडळींनी एक गोष्ट धरलीच नव्हती, कारण ती त्यांना कोणी सांगितली नव्हती आणि वाघोळ्यात ती कोणाला सांगण्यासारखी वाटली नव्हती. तिथे पेला भरला की पहिला वाटा राखणदाराचा. राखणदार म्हणजे त्या जागेचा रक्षणकर्ता. पालवांचा राखणदार शेडच्या मागे, उंडीच्या झाडाखाली काळ्या दगडाच्या रूपात बसलेला. गुरुनाथचा आजा द्यायचा, बाप द्यायचा, गुरुनाथही द्यायचा. बोटं बुडवून चार थेंब शिंपडायचे आणि मग आपण तोंड लावायचं. तलाठ्याचा पहिला पेला हातात आला तेव्हा तो तसाच उठून उंडीखाली गेला आणि चार थेंब शिंपडून आला.

दुसऱ्या आठवड्यात त्याला वाटलं की आपण निम्माच प्यायलो तर दुप्पट लवकर सुटू. उरलेला निम्मा फेकून द्यायला मन घेईना, मग तो राखणदाराला. जानेवारीत तो पेल्यातून एक घोट घ्यायचा आणि बाकीचा सगळा दगडावर ओतायचा. त्याला या गोष्टीचा मनातून अभिमान होता. घरात किंवा केंद्रात त्याने हे सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, तर राखणदाराचा वाटा हा काय सांगायचा विषय झाला, म्हणून.

इकडे यंत्राला काय दिसत होतं? पेला रिकामा परत येतोय, म्हणजे चारशे मिली पोटात गेले. घामात मात्र दारू जेमतेम. याचा अर्थ एकच निघत होता: या माणसाचं यकृत दारू झपाट्याने जाळतंय, अशाने त्याला आकडी येईल, वाढवा मात्रा. यंत्र वाढवत गेलं आणि गुरुनाथ ओतत गेला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिकच होते.

फेब्रुवारीत पालवांची वार्षिक राखण होती. कोंबडा, नारळ आणि बाटली. त्या दिवशी राखण देणाऱ्याने राखणदाराच्या आधी तोंड ओलं करायचं नाही, हा पिढ्यांचा रिवाज. राखण संध्याकाळची. गुरुनाथने सकाळचा पेला जसाच्या तसा उंडीखाली ओतला, दुपारचाही ओतला. त्याच सकाळी एका होडीच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला तो खाडीत उतरला होता. पाण्यात जाताना पट्टी काढायची मुभा होती, ती त्याने काढली आणि पुन्हा लावायची विसरला.

चारच्या सुमारास जुवाटकर नावाचा होडीवाला शेडमध्ये आला. त्याच्या मोटारीचा कंट्रोलर बंद पडला होता. गुरुनाथने तो घ्यायला हात पुढे केला. जुवाटकर त्याला वळसा घालून बाकापाशी गेला आणि कंट्रोलरची डबी ईश्वरीपुढे ठेवत म्हणाला, "तू बघ गो बाय. बापाशीक रवांदे."

त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. घाईचं काम होतं, एवढंच. ईश्वरीने डबी उघडली, जळालेला तुकडा बदलला, पंधरा मिनिटांत मोटार फिरवून दाखवली. जुवाटकर खूश होऊन गेला. ती उजवा हात बाकावर टेकून स्क्रू गोळा करत होती. गुरुनाथच्या हातात अठरा-एकोणीसचा पाना होता. तो सुटला आणि तिच्या त्या हातावर बसला. करंगळीच्या बाजूची दोन हाडं मोडली.

ईश्वरी ओरडली नाही. तिने हात छातीशी धरला आणि बापाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. पाना खाली पडल्याचा आवाज ऐकून दर्शना धावत आली. तेव्हा गुरुनाथ जे बोलला ते वाक्य बावीस वर्षं त्याच्या तोंडात तयारच असायचं. भांडी फोडली तेव्हा, सासऱ्याला शिवी दिली तेव्हा, मुलीच्या शाळेत जाऊन पडला तेव्हा, दर वेळी तो हेच म्हणत आला होता.

"माझ्या अंगात ती होती गो. मी न्हय तो."

त्याच दिवशी ईश्वरी वेंगुर्ल्याला मामाकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून बापाचा फोन तिला लागेनासा झाला. दर्शना आठवड्यातून एकदा जाऊन यायची आणि परत आली की दोन दिवस नवऱ्याशी बोलायची नाही. गुरुनाथला घर खायला उठायचं. पोरीची चप्पल दारात दिसत नाही, एवढ्यावरून पन्नाशीतला माणूस रडायला लागतो हे त्याला नवीन होतं.

महिन्याभराने डॉक्टर वालावलकर स्वतः आल्या, बरोबर ल्युसी. पडवीत खुर्च्या मांडल्या गेल्या.

"पालव, मी माफी मागायला आलेय," डॉक्टर म्हणाल्या. "जिल्ह्यातल्या एकशे चाळीस यंत्रांच्या नोंदी आम्ही उघडून पाहिल्या. निम्म्याहून जास्त ठिकाणी मात्रा उतरायच्या ऐवजी चढलेली आहे. सगळ्यांत वर तुमची. सात टक्के ही यंत्राची शेवटची मर्यादा, तिथे तुम्ही फेब्रुवारीतच पोचलात."

सात टक्के ऐकून गुरुनाथला आधी राखणदाराची काळजी वाटली, हे त्याने नंतर कोणाला सांगितलं नाही.

"तुमचं यकृत दारू विलक्षण वेगाने जाळतं. तुमचंच नाही, या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांचं तसं दिसतंय. आम्ही त्यावर एक निबंध लिहितोय. पण ते राहू दे." डॉक्टरांनी कागद पुढे केला. "ज्या दिवशी तुमच्या मुलीला इजा झाली त्या दिवशी दोन वाजेपर्यंत तुम्हाला सात टक्क्यांचे दोन मोठे पेले दिले गेले. दोन्ही रिकामे परत आले. दंडावर पट्टी नव्हती, तेव्हा यंत्राला आवरही नव्हता. त्या दिवशी जे झालं ते तुमच्या हातून आम्ही घडवलं. तसं आम्ही लेखी देतोय. तुमच्या मुलीलाही पत्र जाईल."

दर्शनाने पदर तोंडाला लावला. एक महिना तिने आत दाबून धरलेलं रडू तिथेच फुटलं. "म्हणजे ह्येंचो दोष नाय?" तिने विचारलं.

"नाही," ल्युसी म्हणाली. "ताई, त्येंचो काय एक दोष नाय."

गुरुनाथने तोंड उघडलं. त्याला दर्शनाचा चेहरा दिसला आणि त्याने ते मिटलं. ल्युसीने पेन दिलं. त्याने 'वाचून समजले'च्या खाली सही केली. सही सरळ आली, एकही रेघ हलली नाही, आणि हे पडवीत फक्त त्याच्याच ध्यानात आलं.

पत्राचा गुण लगेच दिसला. ईश्वरीचा आईला फोन आला की रविवारी येते. दर्शना घर सारवायला लागली. गुरुनाथ तीन दिवस हवेत होता. चौथ्या दिवशी तो शेडमध्ये गेला, ईश्वरी गेल्यापासून पडून असलेला एक कंट्रोलर उघडला आणि केसासारख्या तारा एकामागून एक डाग देऊन जोडल्या. सकाळचे अकरा वाजले होते. पेला त्याने सकाळीच उंडीखाली रिकामा केला होता, घोटसुद्धा न घेता. हात दगडासारखे स्थिर होते. कंट्रोलर पहिल्याच झटक्यात चालू झाला.

बावीस वर्षांनी त्याला त्याचे हात परत मिळाले होते आणि हे तो कोणालाही सांगू शकत नव्हता. मी सुटलोय असं म्हणावं, तर लोक विचारणार, कधीपासून? दिवस मोजत मागे गेलं की फेब्रुवारी येणार. त्या दिवशीही हात असेच होते. सकाळपासून थेंब पोटात नव्हता, आदल्या दिवशी तीन घोट, आणि तरीही ना थरथर, ना घाम, ना डोक्यात कलकल. उलट सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. जुवाटकर वळसा घालून गेला तो स्वच्छ दिसला होता. बाकावरचा हातही.

दारू त्याच्या आयुष्यात नुसती प्यायची वस्तू नव्हती. त्याच्या प्रत्येक वाईट कृत्याला एक जामीनदार होता आणि तो नेहमी हजर असायचा. आता तर त्या जामीनदाराच्या बाजूने एका डॉक्टरने सहीशिक्क्याचं पत्र दिलं होतं. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. तेही त्याला जमेना.

रविवारी ईश्वरी आली. प्लास्टर निघालं होतं, हाताला क्रेपची पट्टी होती. दर्शनाने तिसऱ्यांची म्हणजे शिंपल्यांची आमटी केली होती आणि तिला डाव्या हाताने जेवताना पाहून ती सारखी पाणी आणायला आत जात होती. जेवण झाल्यावर ईश्वरी पडवीत बापासमोर येऊन बसली.

"बाबा, माझा चुकला," ती म्हणाली. "दीड म्हयनो मी तुका वायट समजत रवलंय. तुझो फोन बंद करून ठेयलंय. आणि तुका तर ह्या मशीनीन..." तिने टॉवेलाखालच्या तलाठ्याकडे पाहिलं. "माफ कर माका."

पत्र आलं तेव्हा गुरुनाथ गप्प बसू शकला होता. बायको रडली तेव्हाही बसला. पोरगी मोडलेला हात मांडीवर ठेवून आपली माफी मागते, हे मात्र त्याच्याच्याने ऐकवेना.

"मी पिवक नाय त्या दिसा," तो म्हणाला.

"काय?"

"राखण होती. राखणदाराच्या आधी तोंड लावूचा नाय. सकाळचो पेलो उंडीखाली ओतलंय. दुपारचोय. तेच्या आधीपासूनच मी रोज ओततंय. म्हयनोभर मी नुसतो घोट घेय होतंय. मशीनीक वाटला मी पितंय, म्हणान ता वाढयत गेला." तो थांबला. "माझ्या पोटात त्या दिसा कायच नव्हता, बाय. मी पुरो शुदीत होतंय."

दर्शना दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तो खाली आपटला. "तोंड शिवून ठेवूक काय झालेला तुका?" ती ओरडली. "पोर घरात इली ना? बावीस वर्सा खोटा बोललंस, एक दीस आणखी बोललंस असतंस तर काय आभाळ कोसळतला होता?"

"आये, थांब," ईश्वरी म्हणाली. ती बापाकडेच बघत होती. "बाबा, एक सांग. असोच फेकलंस, की नेम धरलंस?"

त्या प्रश्नाला दोन उत्तरं होती आणि त्यातलं एक सोपं होतं. गुरुनाथला वाटलं, एवढं सांगितलं ते पुरे, इथे थोडं सावरून घ्यावं. पोरीच्या तोंडाकडे बघून त्याला ते जमलं नाही.

"नेम धरून," तो म्हणाला. "हाताचोच. जुवाटकरान डबी तुझ्या हातात दिल्यान ना, तो हात माका बघवलो नाय."

दर्शना खाली बसली. ईश्वरीने मोठा श्वास सोडला आणि ती रडायला लागली, पाना बसला तेव्हा रडली नव्हती ती आता रडली. मग डाव्या हाताने डोळे पुसून म्हणाली, "माका ठावक होता. मी बघी होतंय ना तुझ्याकडे. तुझे डोळे पिलेल्याचे नव्हते. लहानपणापासून बघतंय, माका कळणा नाय काय? आणि मग ता पत्र इला. मामा म्हणता, आये म्हणता, डॉक्टर म्हणता, तो पिलेलो होतो. माका वाटाक लागला, माझ्याच डोक्यात कायतरी बिघडला हा. मीच बापाशीबद्दल वायट बघलंय."

गुरुनाथला या बाजूने कधी विचार सुचला नव्हता. त्या कागदाने आपण एकटे सुटलो असं त्याला वाटत होतं. तिला मात्र त्याच कागदाने खोटं ठरवलं होतं, हे त्याला आत्ता कळलं, आणि त्याची मान वर होईना.

"मी घरात येवचंय नाय इतक्यात," ईश्वरी उठत म्हणाली. "शेडीतय नाय. पुढचा माका ठावक नाय."

"बरा," तो म्हणाला.

"पण दर सोमवारी माका वेंगुर्ल्याक हाताच्या व्यायामाक जावचा लागता. थंय दर वेळी नवीन कोणतरी असता आणि दर वेळी इचारता, कसा झाला. मामा सांगता, पडली. मी गप रवतंय." तिने पिशवी खांद्याला लावली. "उद्या तू ये. इचारल्यानी की तू सांग."

ती गेल्यावर त्याने ल्युसीला फोन केला. ल्युसीने सगळं ऐकलं आणि डॉक्टरांना जोडून घेतलं. डॉक्टरांनी आधी त्याला झाडलं. मनाने मात्रा तोडली, पुन्हा आकडी आली असती म्हणजे? मग त्या एकदम थांबल्या.

"पालव, हे वाटा देणं... तुम्ही एकटेच करता?"

"एकटो कसो? बाई, राखणदार सगळ्यांकच आसा. तुमी यंत्रा दिल्यात ती गावा बघा. कोण चार थेंब दिता, कोण पेलोभर."

पलीकडून ल्युसीचा हलका आवाज आला, "मॅडम, तो यकृताचो निबंध..."

"कळलं मला," डॉक्टर म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यापासून यंत्राबरोबर एक वेगळा लहान पेला येऊ लागला, बिनदारूचा, राखणदारासाठी. गुरुनाथने मात्र यंत्र परतच पाठवलं आणि ते पत्रही. पत्रासोबत त्याने एक ओळ लिहून दिली, की मी त्या दिवशी प्यायलो नव्हतो, तरी नोंद दुरुस्त करावी.

सोमवारी तो पहिल्या गाडीने वेंगुर्ल्याला गेला. ईश्वरी दवाखान्याच्या दारातच उभी होती. दोघे आत गेले. टेबलापलीकडे खरोखरच नवी मुलगी होती, कोल्हापूरकडची असावी. तिने ईश्वरीच्या हाताची पट्टी सोडली, टॅबलेट पुढ्यात घेतला आणि न बघताच विचारलं, "दुखापत कशी झाली?"

ईश्वरीने बापाकडे पाहिलं. बावीस वर्षांत गुरुनाथला घोटाची एवढी गरज कधी लागली नव्हती.

"मी पानो मारलंय," तो म्हणाला. समोरच्या मुलीला कळलं नसावं असं वाटून त्याने शाळेतल्या मराठीत पुन्हा सांगितलं, "मी तिचा बाप. मी नेम धरून पाना मारला. मी प्यायलेलो नव्हतो."

मुलीचं बोट थांबलं. तिने वर पाहिलं, आधी त्याच्याकडे आणि मग ईश्वरीकडे. "हे असंच लिहू?" तिने ईश्वरीला विचारलं.

"होय, असंच लिहा," ईश्वरी म्हणाली.

मुलीने लिहून घेतलं. मग गुरुनाथकडे बघत तिने विचारलं, "यांना बाहेर थांबायला सांगू का?"

"रवांदे," ईश्वरी म्हणाली. "बघांदे तेका."

"मूठ मिटा."

ईश्वरीने मूठ मिटली. तीन बोटं तळव्याला लागली, दोन अर्ध्यावर थांबली. तिने दात आवळून ती आणखी थोडी वाकवली. गुरुनाथ भिंतीला टेकून उभा होता आणि त्याने नजर हलवली नाही.

"पुन्हा," मुलगी म्हणाली.